सिझेरियनच्या टाक्यांजवळची गाठ पाळीतच का दुखते?

सिझेरियन होऊन तीन-चार वर्षं उलटलेली असतात. मूल बालवाडीत जायला लागलेलं असतं. आणि एक दिवस आंघोळ करताना जुन्या टाक्यांच्या कडेला, बहुतेकदा व्रणाच्या एका टोकाला, बोटांना काहीतरी टणक लागतं. सुपारीएवढं, कधी त्याहून मोठं. दाबलं की दुखतं. चार-पाच दिवसांत दुखणं ओसरतं, ती विसरून जाते. साधारण महिन्याभराने तेच दुखणं पुन्हा सुरू होतं.

घरात याची कारणं तयार असतात. 'आत टाका राहिला असेल', 'बाळंतपणात शेक नीट घेतला नाहीस', 'जड उचललं असशील'. दवाखान्यातही पहिला अंदाज बऱ्याचदा हर्नियाचा किंवा टाक्यात पू झाल्याचा असतो. मग अँटिबायोटिकचा कोर्स होतो, पोटाला पट्टा बांधला जातो, आणि गाठ आहे तिथेच राहते.

अशा गाठीमागे असणारं एक कारण म्हणजे पोटाच्या भिंतीतला एंडोमेट्रिओसिस. आजार दुर्मिळ आहे, पण गूढ नाही. तो ओळखायला मदत करणारा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारायला एक रुपयाही लागत नाही: ही गाठ महिन्याच्या कोणत्या तारखांना दुखते?

गर्भाशयाचं अस्तर पोटाच्या भिंतीत पोहोचतं कसं?

गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं. दर महिन्याला हार्मोन्समुळे ते जाड होतं आणि गर्भ राहिला नाही तर रक्तासोबत बाहेर पडतं. यालाच आपण पाळी म्हणतो. या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढू लागल्या, की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी महिलांना आणि मुलींना हा आजार आहे. बहुतेकींमध्ये तो ओटीपोटाच्या आत असतो: बीजकोशांवर, गर्भनलिकांजवळ, आतड्यांच्या बाहेरच्या बाजूला.

इथे विषय आहे तो त्याच्या एका वेगळ्या जागेचा. पोटाची भिंत म्हणजे बाहेरून आत जाताना त्वचा, चरबी, स्नायूंवरचं चिवट पांढरं आवरण, स्नायू आणि सगळ्यात आत पोटाच्या पोकळीचा पातळ पडदा. सिझेरियनमध्ये हे सगळे थर उघडून डॉक्टर गर्भाशयापर्यंत पोहोचतात. गर्भाशय उघडल्यावर बाळ, वार, रक्त आणि गर्भजल याच जखमेतून बाहेर येतं. त्या वेळी अस्तराच्या काही पेशी जखमेच्या कडांना चिकटून मागे राहतात, असं सर्वात जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण सांगतं. टाके घातले जातात, जखम भरते, आणि त्या पेशी चरबीत किंवा स्नायूच्या आवरणात बंदिस्त होतात.

पुढे पाळी सुरू झाली की अंडाशयातून येणारे हार्मोन्स रक्तावाटे या पेशींपर्यंतही पोहोचतात. पेशी त्यांना तसाच प्रतिसाद देतात, जसा त्या गर्भाशयात दिला असता. त्या फुगतात, त्यांच्यातून थोडं रक्त झिरपतं. फरक एवढाच, की गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर पडायला वाट असते आणि इथे नसते. आसपासच्या भागाला सूज येते, शरीर त्या भागाभोवती चिवट तंतू तयार करतं, आणि महिन्यागणिक गाठ टणक होत जाते.

या पेशी अशा 'रुजू' शकतात का, हे तपासण्यासाठी १९५८ मध्ये रिडली आणि एडवर्ड्स या अमेरिकी डॉक्टरांनी एक प्रयोग केला होता. काही महिलांच्या पाळीच्या वेळचा स्राव त्यांच्याच पोटाच्या त्वचेखाली टोचला आणि काही काळाने तो भाग काढून तपासला. सगळ्यांमध्ये नाही, पण रुजवण होऊ शकते एवढं त्यातून दिसलं. आजच्या काळात कोणतीही नैतिकता समिती अशा प्रयोगाला परवानगी देईल असं वाटत नाही.

सिझेरियन हे मुख्य कारण असलं तरी एकमेव नाही. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, फायब्रॉइडचं ऑपरेशन, गर्भनलिकेतल्या गर्भधारणेवरचं ऑपरेशन, दुर्बिणीच्या ऑपरेशनची छोटी छिद्रं, या सगळ्यांच्या व्रणांमध्ये अशी गाठ आढळली आहे. नॉर्मल डिलिव्हरीत योनीमार्गाजवळ घेतलेल्या छेदाच्या टाक्यातही ती होऊ शकते. आणि एक अपवाद या सिद्धांताला पूर्ण बसत नाही: कोणतंही ऑपरेशन न झालेल्या महिलेच्या बेंबीत होणारी गाठ. फ्रेंच डॉक्टर व्हिलार यांनी १८८६ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून तिला आजही व्हिलारची गाठ म्हणतात. अशा बेंबीतून पाळीच्या दिवसांत रक्तही येऊ शकतं.

अशी गाठ झाली म्हणजे सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरांनी चूक केली, असा अर्थ निघत नाही. टाके घालण्याआधी जखम धुणं, गर्भाशय शिवलेली सुई पोटाच्या भिंतीसाठी न वापरणं अशी काळजी बरेच सर्जन घेतात. ती घेण्यात तोटा काहीच नाही. पण त्यामुळे गाठ हमखास टळते, असा ठोस पुरावा नाही.

किती जणींना होतं?

सिझेरियन झालेल्यांपैकी किती जणींना ही गाठ होते, याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ०.०३ टक्क्यापासून १ टक्क्यापर्यंत आहेत. इतका मोठा फरक असण्यामागे निदानच न होणं हेही एक कारण असावं. ज्या गाठी 'टाक्याची गाठ' म्हणून सोडून दिल्या गेल्या, त्या कोणत्याच हिशोबात येत नाहीत.

टक्केवारी लहान असली तरी ती कशाची टक्केवारी आहे, हे बघायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात याच काळात ते २०.१ वरून २५.४ टक्के झालं. म्हणजे राज्यात दर चार बाळंतपणांपैकी एक सिझेरियन. व्रण वाढले की व्रणातले आजारही वाढतात.

तारीख विचारणार कोण?

या आजाराची खरी अडचण तो दोन विभागांच्या मधोमध पडतो, ही आहे.

पोटावर गाठ आली की बाई जनरल सर्जनकडे जाते. सर्जन गाठ तपासतो, खोकायला सांगतो, हर्निया आहे का बघतो. पाळीचा प्रश्न त्याच्या नेहमीच्या यादीत नसतो, आणि पुरुष डॉक्टरसमोर तो विषय स्वतःहून काढणं अनेकींना अवघड जातं. उलट ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली आणि 'पाळीत पोट दुखतं' एवढंच म्हणाली, तर लक्ष गर्भाशयाकडे जातं, पोटाच्या भिंतीकडे नाही. एका खोलीत गाठीची चर्चा होते, दुसऱ्या खोलीत पाळीची. दोन्ही एकत्र मांडल्या तर निदान तिथेच अर्धं होतं. व्रण, त्यातली गाठ आणि पाळीसोबत येणारं दुखणं हे त्रिकूट दिसलं, की डॉक्टरांनी सर्वात आधी एंडोमेट्रिओसिसचाच विचार करावा, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात.

नवी मुंबईसारख्या शहरात यात आणखी एक गुंता असतो. सिडकोने १९७० पासून वसवलेलं हे शहर बाहेरून आलेल्यांचं आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, नगर, विदर्भ अशी गावं मागे ठेवून वाशी, कोपरखैरणे, नेरुळ, खारघरला संसार थाटलेली कुटुंबं. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. त्यामुळे सिझेरियन होतं कऱ्हाडला किंवा चिपळूणला, आणि गाठ दाखवायची वेळ येते सीवूड्समध्ये. ज्याने पोट उघडलं तो डॉक्टर वेगळा, जो गाठ बघतो तो वेगळा. डिस्चार्ज कार्ड माहेरच्या कपाटात. सिझेरियन कोणत्या कारणाने झालं, छेद आडवा होता की उभा, नंतर जखम चिघळली होती का, ही माहिती गाठ बघणाऱ्या डॉक्टरच्या हातात नसते. माहेरी फोन करून त्या कार्डाचा मोबाइलवर फोटो मागवून घेणं हे तपासणीला जाण्याआधीचं सगळ्यात उपयोगी काम आहे.

दुसरं काम म्हणजे नोंद. दोन-तीन महिने कॅलेंडरवर किंवा मोबाइलमध्ये पाळी कधी आली आणि गाठ कोणत्या दिवशी दुखली, हे लिहून ठेवायचं. गाठ त्या दिवसांत मोठी वाटली का, त्वचेचा रंग बदलला का, त्यातून काही स्राव आला का, तेही. बऱ्याचदा दुखणं पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतं आणि पाळी संपता संपता कमी होतं.

पण इथे एक सावधगिरी. 'दुखणं पाळीशी जोडलेलं नाही, म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही' असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आधीच्या अभ्यासांतल्या ४४५ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. त्यात गाठ ९६ टक्के महिलांना जाणवत होती, दुखणं ८७ टक्के जणींना होतं, पण पाळीच्या चक्राप्रमाणे येणारा त्रास फक्त ५७ टक्के जणींनी सांगितला. बाकीच्यांना सतत किंवा अधूनमधून कधीही दुखत होतं. आधीच्या ऑपरेशनपासून त्रास सुरू होईपर्यंत सरासरी ३.६ वर्षं गेली होती. काहींमध्ये हे अंतर काही महिन्यांचं असतं, काहींमध्ये दहा वर्षांहून जास्त. इतक्या वर्षांनंतर गाठीचा संबंध सिझेरियनशी असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आणखी एक गैरसमज. पोटाच्या भिंतीत गाठ आहे म्हणजे ओटीपोटातही एंडोमेट्रिओसिस असणारच, असं नाही. अनेकींमध्ये आत काहीच नसतं. मात्र पाळी पहिल्यापासूनच फार दुखणारी असेल, शरीरसंबंधांच्या वेळी दुखत असेल किंवा दुसरं मूल राहायला अडचण येत असेल, तर आतलीही तपासणी गरजेची ठरते.

हर्निया, टाक्याची गाठ की आणखी काही?

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर येणं. तो खोकल्यावर, उभं राहिल्यावर फुगतो आणि आडवं झाल्यावर बऱ्याचदा आत जातो. एंडोमेट्रिओसिसची गाठ आडवं झाल्यावर नाहीशी होत नाही. पण अडकलेला हर्नियाही आत जात नाही, त्यामुळे नुसत्या हाताने तपासून खात्री होतेच असं नाही. गाठीसोबत उलट्या, पोट फुगणं, गॅस आणि शौच बंद होणं अशी लक्षणं असतील, तर तारखांची नोंद करत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

टाक्याच्या धाग्याभोवती होणारी गाठ सहसा ऑपरेशननंतर लवकर दिसते. चरबीची गाठ मऊ असते आणि बोटाखाली सरकते. पू झालेली जागा गरम आणि लाल असते, ताप येऊ शकतो. व्रणातून वारंवार स्राव येत असेल तर भारतात डॉक्टर टीबीचीही शंका घेतात, आणि ती घेणं योग्यच आहे. प्रश्न तेव्हा येतो, जेव्हा पू, टीबी किंवा हर्निया यांपैकी एक शिक्का बसतो आणि उपचाराने फरक पडत नसूनही तो कुणी काढत नाही. पोटाच्या भिंतीत डेस्मॉइड नावाची चिवट, वाढत जाणारी गाठही होऊ शकते, आणि क्वचित कॅन्सरही. म्हणून 'तारीख जुळली, म्हणजे झालं' असं म्हणून तपासण्या टाळायच्या नाहीत.

सोनोग्राफी झाली, तरी गाठ का दिसली नाही?

हा अनुभव अनेकींना येतो. सोनोग्राफी नॉर्मल, गाठ मात्र हाताला लागते. कारण साधं आहे. ओटीपोटाची नेहमीची सोनोग्राफी गर्भाशय आणि बीजकोश बघण्यासाठी असते. तिचा प्रोब खोलवरचं चित्र घेतो. त्वचेखाली दोन-तीन सेंटीमीटरवर असलेली गाठ बघायला जास्त फ्रिक्वेन्सीचा, वरचे थर स्पष्ट दाखवणारा प्रोब लागतो. डॉक्टरच्या चिठ्ठीवर फक्त 'ओटीपोटाची सोनोग्राफी' लिहिलं असेल, तर रेडिओलॉजिस्ट व्रणाकडे बघेलच असं नाही. चिठ्ठीवर 'सिझेरियनच्या व्रणातली गाठ' असा स्पष्ट उल्लेख हवा, आणि टेबलवर झोपल्यावर बोट ठेवून 'इथे दुखतं' असं सांगायला लाजायचं नाही. गाठ दुखत असलेल्या दिवसांत तपासणी केली तर ती सापडणं सोपं जातं.

सोनोग्राफीत ही गाठ साधारणपणे काळपट, ओबडधोबड कडांची दिसते. डॉप्लर लावला तर तिच्यात रक्तवाहिन्या दिसू शकतात. मुख्य म्हणजे आतडं त्यात शिरलेलं नाही, म्हणजे हर्निया नाही, हे कळतं. लहान आणि वरवरच्या गाठीला एवढी तपासणी बऱ्याचदा पुरते.

गाठ मोठी असेल, खोल असेल, आधी एकदा काढून परत आली असेल, तर एमआरआय करतात. त्यात जुन्या रक्ताचे ठिपके उठून दिसू शकतात, पण सर्जनला त्याहून महत्त्वाची माहिती दुसरी असते: गाठ स्नायूच्या आवरणात शिरली आहे का, स्नायूत किती खोल आहे, मूत्राशयाच्या किती जवळ आहे. ऑपरेशनमध्ये किती भाग काढावा लागेल आणि भगदाड कसं बुजवायचं, हे त्यावर ठरतं. सीटी स्कॅन हर्निया वगळायला उपयोगी, पण ही गाठ नेमकी कशाची आहे, हे तो खात्रीने सांगत नाही.

निदान पक्कं नसेल तर सुईने पेशी किंवा छोटा तुकडा काढून तपासतात. मात्र हर्निया नाही याची खात्री झाल्याशिवाय सुई घालायची नाही, कारण तिथे आतडं असलं तर त्याला इजा होईल. चित्र स्पष्ट असेल तर बरेच सर्जन सुईची तपासणी टाळून थेट गाठ काढतात.

आणि रक्तातल्या सीए-१२५ विषयी: ही चाचणी अनेकदा सांगितली जाते, पण पोटाच्या भिंतीतल्या गाठीत ती नॉर्मल येऊ शकते. नॉर्मल रिपोर्टमुळे निश्चिंत होऊ नये आणि थोड्या वाढलेल्या आकड्याने घाबरून जाऊ नये.

गोळ्यांनी गाठ जाते का?

बहुतेकदा नाही. गर्भनिरोधक गोळ्या, डायनोजेस्टसारखी प्रोजेस्टेरॉन गटातली औषधं किंवा अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारी इंजेक्शनं यांनी दुखणं कमी होतं. गाठ थोडी आकसूही शकते. पण औषध थांबवल्यावर त्रास परततो, कारण चिवट तंतूंनी वेढलेल्या त्या पेशी तिथेच असतात. शिवाय ज्यांना मूल हवं आहे, त्यांना ही औषधं चालू ठेवता येत नाहीत.

म्हणून औषधांचा उपयोग मुख्यतः ऑपरेशन पुढे ढकलायचं असेल, ओटीपोटातही आजार असेल किंवा रजोनिवृत्ती अगदी जवळ आली असेल तेव्हा. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन्स कमी झाले की गाठ शांत होण्याची शक्यता असते. काही देशांत गाठ गोठवून किंवा अल्ट्रासाऊंडच्या केंद्रित उष्णतेने नष्ट करण्याच्या पद्धतीही वापरल्या जातात. त्या निवडक केंद्रांपुरत्या आहेत, आणि त्यात गाठ काढली जात नसल्याने ती संपूर्ण तपासायला मिळत नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

नियम एका वाक्यात सांगता येतो: गाठ फोडायची नाही, आणि तिच्याभोवतीचा साधारण एक सेंटीमीटर निरोगी भाग सगळ्या बाजूंनी सोबत काढायचा.

हा एक सेंटीमीटर जास्तीचा का? कारण या गाठीला चरबीच्या गाठीसारखं गुळगुळीत आवरण नसतं. तिची मुळं आसपासच्या भागात शिरलेली असतात. फक्त हाताला लागणारा टणक भाग काढला तर उरलेल्या पेशींतून गाठ पुन्हा वाढते. आणि ऑपरेशनमध्येच गाठ फुटली तर पेशी जखमेत पसरतात, म्हणजे सिझेरियनच्या वेळी जे झालं तेच पुन्हा.

ऑपरेशन सहसा कमरेतून किंवा पूर्ण भूल देऊन होतं. शक्य असेल तेव्हा जुन्याच व्रणावर छेद घेतात, त्यामुळे नवा व्रण राहत नाही. एक गोष्ट ऑपरेशन टेबलवर अवघड होते: भूल दिल्यावर लहान गाठ हाताला नीट लागत नाही आणि 'इथे दुखतं' सांगणारी रुग्ण झोपलेली असते. म्हणून आधीच, रुग्ण जागी असताना किंवा सोनोग्राफीत बघून, त्वचेवर मार्करने खूण करून ठेवतात.

गाठ फक्त चरबीत असेल तर काम तुलनेने छोटं. पण ती स्नायूच्या पांढऱ्या आवरणाला चिकटलेली असेल तर तेवढं आवरण, कधी स्नायूचा तुकडाही काढावा लागतो. आता पोटाच्या भिंतीत भोक पडलेलं असतं. ते लहान असेल आणि ताण न येता कडा जुळत असतील तर टाक्यांनी बंद होतं. मोठं असेल तर हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये वापरतात तशी जाळी बसवावी लागते. नाहीतर एंडोमेट्रिओसिस जाऊन खरोखरचा हर्निया मागे राहतो. फार मोठ्या गाठीत प्लास्टिक सर्जनची मदत लागू शकते.

जाळीचा विषय ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यावा, विशेषतः पुढे मूल हवं असेल तर. जाळी असताना गर्भधारणा होऊ शकते, पण पोट ताणलं जाताना दुखू शकतं आणि पुढच्या सिझेरियनमध्ये त्या जाळीतून वाट काढावी लागते. त्या डॉक्टरला ती तिथे आहे हे माहीत असलं पाहिजे. पुढचं सिझेरियन ठरलेलंच असेल आणि गाठीचा त्रास सहन होण्यासारखा असेल, तर त्याच वेळी गाठ काढण्याचा पर्यायही असतो.

ऑपरेशननंतर जखमेत पाणी किंवा रक्त साठणं, जंतुसंसर्ग, व्रणाभोवती बधिरपणा हे होऊ शकणारे त्रास. गाठ लहान असेल तर घरी लवकर सोडतात. आवरण शिवलेलं असेल किंवा जाळी घातली असेल तर काही आठवडे जड वजन उचलायचं नाही. लहान मूल असलेल्या घरात हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, म्हणून ऑपरेशनची तारीख घरात मदतीला कोण आहे हे बघून ठरवलेली बरी. नाहीतरी हे ऑपरेशन बहुतेकदा तातडीचं नसतं.

नवी मुंबईत कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञापासून करता येते. वाशी, नेरुळ आणि ऐरोली इथे महापालिकेची रुग्णालयं आहेत. गाठ मोठी किंवा खोल असेल तर स्त्रीरोग, सर्जरी, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी हे चारही विभाग एकाच छताखाली असलेलं रुग्णालय सोयीचं. नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. खाडीपलीकडे मुंबईत सायन, केईएम आणि जे. जे. आहेतच. परळमध्ये आयसीएमआरची प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे, जिथून भारतीय महिलांमधल्या एंडोमेट्रिओसिसचा अभ्यास केला जातो. शासकीय योजनेतून किंवा विम्यातून खर्च मिळेल का, हे दाखल होण्याआधी विचारावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात त्यासाठी आरोग्यमित्र असतात.

डॉक्टर कोणीही निवडला तरी दोन प्रश्न विचारावेत. गाठीभोवतीचा निरोगी भागही काढणार का? आणि स्नायूचं आवरण कापावं लागलं तर ते बंद कसं करणार? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'तेव्हा बघू' असं आलं, तर ऑपरेशनला स्त्रीरोगतज्ज्ञासोबत जनरल सर्जनही हजर असेल का, हे विचारायला हरकत नाही.

काढलेली गाठ तपासायलाच हवी का?

हो. कितीही लहान असली तरी. शेवटचं निदान पॅथॉलॉजीच्या काचपट्टीवरच होतं. सूक्ष्मदर्शकाखाली गर्भाशयाच्या अस्तरात असतात तशा ग्रंथी, त्यांच्याभोवतीच्या विशिष्ट पेशी आणि जुन्या रक्ताच्या खुणा दिसल्या, की नाव पक्कं होतं. अशा गाठीत कॅन्सर होणं अत्यंत विरळ आहे, पण शून्य नाही. जी गाठ अचानक वेगाने वाढते किंवा रजोनिवृत्तीनंतरही वाढत राहते, तिच्याकडे अधिक गांभीर्याने बघतात.

रिपोर्टमध्ये फक्त 'एंडोमेट्रिओसिस' हा शब्द शोधून तो फाइलला लावू नये. कडा मोकळ्या आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत आजार पोहोचलेला नाही ना, हे त्यात लिहिलेलं असेल तर ते डॉक्टरला विचारून समजून घ्यावं. वर उल्लेख केलेल्या ४४५ रुग्णांच्या आढाव्यात ऑपरेशननंतर गाठ परत येण्याचं प्रमाण ४.३ टक्के होतं. परत आलेली गाठ सहसा जुन्या जागीच किंवा शेजारी येते, आणि पहिली खूण तीच असते: पाळीच्या दिवसांत व्रणात ठणका. तसं झालं तर पहिल्या ऑपरेशनचा कागद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि जाळी बसवली असल्यास तिची नोंद घेऊन जायचं. पहिल्या वेळी यातलं काहीच हाताशी नसतं. दुसऱ्या वेळी निदान हे कागद तरी माहेरच्या कपाटात नसावेत.